बसायची जागा आणि वास्को द गामा

...आणि वर मलाच विचारतात, "सुदेश, तुमचा रिपोर्ट कुठाय?" अरे, कसला रिपोर्ट? मी डोंबिवलीला एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कंपनीत सुपरवायझर आहे. खोकं सरळ आहे की वाकडं, हे मी लांबून बघून सांगतो, पण वास्को द गामा सरळ होता की वाकडा हे मी कुठून सांगू? दहावीला इतिहासात काठावर पास झालेलो मी. पण नाही, आमच्या सोसायटीने एकदा तुम्हाला समितीत घातलं की तुम्ही तज्ज्ञ. मी प्रत्येकाला हात जोडून एकच विचारत होतो, बाबांनो, इकडचं-तिकडचं नको, हिरो की नाही, एवढंच सांगा. एकाने सांगितलं असेल तर शपथ.

थांबा, तुम्हाला मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा पुठ्ठेवाला वास्कोच्या वाटेला कशाला गेला.

आम्ही बाळकुमचे. म्हणजे आता सगळेच बाळकुमचे, पण आम्ही आधीचे. आमची भाताची जमीन होती, ती बाबांनी बिल्डरला दिली, त्यावर तीन टॉवर उभे राहिले आणि त्यातल्या एकात आम्हाला फ्लॅट मिळाला. त्या बिल्डरला बोटींचा भारी शौक. टॉवरना नावं काय ठेवावीत? कोलंबस, मॅगेलन आणि वास्को. आमच्या भाताच्या शेतात. आता कोलंबस इंडिया शोधायला निघाला आणि भलतीकडेच पोचला, हे तुम्हाला माहीत असेल, पण त्याच्या टॉवरचंही तेच आहे, कोलंबसची सगळी पार्सलं आमच्या वास्कोत येतात. मॅगेलन म्हणे पृथ्वीप्रदक्षिणेत अर्ध्या वाटेवरच मेला, आणि त्या टॉवरची लिफ्ट आठव्या मजल्याच्या वर गेली तर पेढे वाटतात लोक. नावाचा परिणाम असतो की नाही, तुम्हीच बघा.

आमच्या वास्कोच्या लॉबीत मात्र खुद्द वास्को आहे. फायबरचा, माणसापेक्षा उंच, दाढी, टोपी, हातात दुर्बीण. खाली पितळी पाटी, इंग्रजीत. तिचं मराठी असं की, हा वास्को द गामा, भारताचा शोध लावणारा हिरो.

आणि त्या पुतळ्याच्या बाजूला लाल प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे आमचे बाबा. मारुती बाळ्या पाटील. त्यांचं म्हणणं, वास्को उभा आहे तिथेच आपलं खळं होतं. तिथेच तुझी आई, रखमाबाई, भात झोडायची. आता मला विचाराल, बरोबर तिथेच का? मला नाही माहीत. खाली दोन मजले पार्किंग आहे, खळं कुठल्या खांबाखाली गेलं कोण सांगणार? पण बाबांनी ठरवलं की तिथेच. आई बिल्डिंग पूर्ण व्हायच्या आधीच गेली. बाबांना वरच्या फ्लॅटमध्ये करमत नाही, टीव्ही कळत नाही, बाल्कनीतून खाली बघितलं की गरगरतं, म्हणून संध्याकाळ झाली की खाली येऊन खळ्यावर बसायचं. एवढंच. कोणाला त्रास नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलेलं, "यो कोनाचा?" आमच्याकडे माणूस दिसला की पहिलं हेच विचारतात, कोणाचा मुलगा, कुठल्या गावचा. मी म्हटलं, पोर्तुगालचा, पोर्तुगीज. तर बाबा म्हणतात, "म्हंजे वसईकडचा." त्यांच्या डोक्यात पोर्तुगीज म्हणजे वसईचा किल्ला. मी म्हटलं, हां, तसाच समजा. तेव्हापासून तो वसईचा झाला. मग बाबा त्याच्याशी बोलायला लागले. बाजारातून आले की पिशवी त्याच्या दुर्बिणीला अडकवायचे, टोपी काढून त्याच्या हातावर ठेवायचे. आता पिशवीत काय असणार? सुकट. बोंबील. आणि आमची लॉबी एसी.

इथे विनीत येतो. विनीत म्हणजे आमचा खजिनदार, घर कमी आणि रीसेल व्हॅल्यू जास्त असं ज्याला दिसतं तो. गोड बोलतो, हे लक्षात ठेवा. "सुदेशभाई, अंकल आमच्या वडिलांसारखेच आहेत, पण लॉबी म्हणजे बिल्डिंगचा चेहरा ना. पाहुणे आत येतात, समोर वास्को, आणि वास्कोच्या हातात बोंबील. इम्प्रेशन काय जातं?" मी म्हटलं, पिशवी नाही अडकवणार, सांगतो मी त्यांना. "आणि खुर्ची?" म्हटलं, खुर्चीने काय केलं? "नाही, केलं काही नाही, पण ती लाल आहे ना." आता लाल खुर्चीवर काय उत्तर द्यायचं? मी बायकोला, रुचिताला सांगितलं, तर ती म्हणाली, "पांढरी आणूया." आणली. तर म्हणे पांढरी मळते.

हे असं चाललेलं, आणि त्यातच नवव्या मजल्यावरच्या सुमेधाताईंनी सोसायटीच्या ग्रुपवर मोठा मेसेज टाकला. शांत बाई, कॉलेजात शिकवायच्या, कधी गुड मॉर्निंगचं फूलसुद्धा पाठवत नाहीत. त्यांनी लिहिलं की हा वास्को दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज लुटलं आणि माणसांसकट पेटवून दिलं, बायका-मुलांसकट, आणि ज्याने हे केलं त्याच्या पायाशी माझी नात रोज शाळेच्या बसची वाट बघत उभी असते, खाली लिहिलेलं असतं हिरो, तर हा पुतळा हटवा.

झालं. ग्रुपवर जे पेटलं ते विचारू नका. अर्धे म्हणाले हटवा, अर्धे म्हणाले पाचशे वर्षांपूर्वीचं आत्ता कशाला उकरता, एकाने मध्येच विचारलं पाणी कधी येणार. मग आमचे चेअरमन प्रफुल्ल, त्यांना भांडण झालं की ॲसिडिटी होते, त्यांनी जाहीर केलं की एक समिती नेमू, ती अभ्यास करेल, आणि समितीत कोण? तर सुदेश, कारण सुदेश मूळ मालकांपैकी, सन ऑफ द सॉइल. मातीचा आणि वास्कोचा काय संबंध, कोणी विचारलं? मीसुद्धा नाही विचारलं. कारण खरं सांगू का, माझ्या डोक्यात वेगळंच चाललेलं. म्हटलं, पुतळा गेला तर तिथे जागा मोकळी होते. जागा मोकळी झाली तर एक बाकडं टाकून घेऊ. सोसायटीचं बाकडं, अधिकृत, त्यावर बसलेल्या माणसाला कोण उठवणार? मी रात्री जेवताना बाबांना सांगितलंदेखील, "बाबा, तुमच्यासाठी बाकड्याची व्यवस्था करतो, पाठ टेकायला असेल असं." बाबा भात कालवत बसले. मी समजलो, खूश आहेत.

मग लागलो कामाला. पहिल्यांदा कंपनीत विचारलं. माझ्या हाताखाली साकेत आहे, डोंबिवलीचाच, हुशार पोरगा. म्हटलं, साकेत, वास्को द गामा, हिरो की नाही, एवढंच सांग. तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणतो, "भाऊ, फेमस आहे ना? मग हिरो. व्हिलन पण फेमस असला की हिरोच असतो आजकाल, टेन्शन नको घेऊस." आता हे रिपोर्टमध्ये लिहू?

मग कोणीतरी म्हणालं, नौपाड्यात आनंद सर आहेत, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, त्यांना गाठ. गेलो. खोलीभर पुस्तकं, खुर्चीवरपण पुस्तकं, बसायला मला स्टूल. मी विचारलं, सर, हिरो की नाही, एवढंच सांगा. सरांनी चष्मा पुसला, अगदी सावकाश, आणि म्हणाले, "सुदेशराव, मुळात प्रश्नच चुकीचा आहे." म्हटलं, असेल सर, पण मीटिंग रविवारी आहे. "तुम्ही असं पाहा, आफ्रिकेला वळसा घालून इतक्या लांब येणं हे धाडस खरंच. पण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पुढचा रस्ता त्याला दाखवला कोणी? मालिंदीहून घेतलेल्या एका वाटाड्याने, ज्याला तो समुद्र पाठ होता. मग शोध कोणी लावला?" म्हटलं, म्हणजे हिरो नाही. "असं मी कुठे म्हणालो?" म्हटलं, म्हणजे आहे. "असंही मी म्हणालो नाही."

पण सर सांगायला लागले की माणूस ऐकत राहतो. म्हणाले, कालिकतला पोचल्यावर वास्कोला देऊळ दिसलं, त्याला ते चर्चच वाटलं आणि तो तिथे गुडघे टेकून प्रार्थना करून आला. मग राजाला भेट काय पाठवली? टोप्या, हात धुवायची भांडी, साखर, मध, तेल. राजाची माणसं हसली, म्हणाली, मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारी यापेक्षा जास्त आणतो. मला एवढं हसू आलं, म्हटलं हा तर आमच्या सोसायटीतलाच माणूस आहे, दिवाळीला दुसऱ्याने दिलेला डबा पुढे सरकवणारा. मी हसत होतो, आणि सर अचानक म्हणाले, "आता ते जहाजाचं ऐका."

ते मी तुम्हाला फार नाही सांगत. त्याच्याच ताफ्यातल्या एकाने लिहून ठेवलंय म्हणाले. जहाजावरच्या बायका दागिने दाखवत होत्या, घ्या पण सोडा. तान्ही मुलं हातांत उंच धरून दाखवत होत्या. आणि हा आपल्या जहाजाच्या एका भोकातून बघत होता. सर म्हणाले, "लिहिणाऱ्यालाही ते विसरता आलं नाही." मी स्टुलावरून उठलो, चहा तसाच राहिला. रिक्षाने येताना मला सारखी आमच्या लॉबीतली ती दुर्बीण दिसत होती. आणि तीपण खोटी, बरं का, सर म्हणाले त्याच्या काळात दुर्बीण नव्हतीच, पुढे शंभर वर्षांनी आली.

म्हणजे तोपर्यंत मी बाकड्यासाठी करत होतो, हे कबूल. पण त्या संध्याकाळी लॉबीत शिरलो, बाबा त्याच्या बाजूला बसलेले, आणि मला वाटलं, नको. आईच्या खळ्यावर हा नको. मी रिपोर्ट लिहिला. तीनच ओळी. धाडस केलं, पण रस्ता दुसऱ्याने दाखवला. निरपराध माणसं जाळली. सबब हिरो नाही, पुतळा हटवावा. सुमेधाताईंना वाचून दाखवला, त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "सुदेश, एवढं सरळ मला पण लिहिता आलं नसतं." मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा इतिहासात नीट पास झालो मी.

रविवारी सकाळी मीटिंग. क्लबहाऊसमध्ये. प्रफुल्लनी नाश्त्याला वडापाव ठेवलेले, म्हणजे लोक येतात. मी उभा राहिलो, वाचलं. काही लोकांनी वडा खाली ठेवला, खरंच. वास्को टॉवरमध्ये असं कधी झालं नव्हतं. आणि मग विनीत उठला.

"सुदेशभाईंनी छान अभ्यास केला. टाळ्या." टाळ्या झाल्या. "मी फक्त एक विचारतो. आपण आत्ता काय खातोय? वडापाव. बटाटा कोणी आणला? पोर्तुगीजांनी. मिरची? पोर्तुगीजांनी. पाव? तो तर शब्दच त्यांचा. मग वास्को आलाच नसता तर आपण आत्ता काय खात असतो?"

आता सांगा, याला काय म्हणायचं? मी ओरडतोय, अहो, वास्को बटाट्याचं पोतं घेऊन उतरला नव्हता, ते सगळं नंतर कधीतरी आलं, आणि समजा आणलंच असतं, म्हणून माणसं जाळायची का? सुमेधाताई उभ्या राहिल्या, "तान्ही मुलं होती हो जहाजावर," म्हणाल्या. पण वड्यांचा वास सगळीकडे आणि लोकांनी वडे परत उचललेले. मॅगेलनमधला एक माणूस, ज्याचा मतदानाशी काही संबंध नाही, तो म्हणतो, "मिरचीशिवाय जगणं इमॅजिनच होत नाही." विनीत हळूच पुढे म्हणाला, "आणि पुतळ्यापाठोपाठ वास्को टॉवर हे नावही बदललं तर ॲग्रीमेंटपासून गुगल मॅपपर्यंत सगळं बदलावं लागेल, रेट खाली येईल, बाकी तुमची मर्जी." तेव्हा मी शेवटचं विचारलं सगळ्यांना. म्हटलं, रेट ठेवा बाजूला, वडा ठेवा बाजूला, हिरो की नाही, एवढंच सांगा. तर प्रफुल्ल म्हणतात, "हात वर करा, पटकन करू."

केले. मोजले. आणि काय योग बघा, दोन्हीकडे सारखे. परत मोजले, परत सारखे. प्रफुल्लनी पोटावर हात ठेवला. आणि मग कोणीतरी म्हणालं, पाटील काका राहिले.

बाबा. मागे कोपऱ्यात बसलेले. फ्लॅट त्यांच्या नावावर आहे, मत त्यांचं. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, सुटलो. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे आपलं ठरलंय ना, बाकडं. बाबा उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्याला."

मला वाटलं त्यांना कळलं नाही. मी म्हटलं, बाबा, त्याने माणसं जाळलीत, सांगितलं ना तुम्हाला. बाबा म्हणाले, "ऐकला मी. वायटच केलान. पन त्या लॉबीन तो यकलाच हाय, ज्यानं मना कवा उठा बोलला नाय."

विनीतने टाळी वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. सुमेधाताई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या बाबांकडे बघत होत्या आणि मला वाटतं, रागावल्यापण नव्हत्या. मी मात्र रागावलेलो, कोणावर ते सांगता येत नाही. बाबांवर कसं रागावणार? एवढ्या वर्षांत त्यांना बसू देणारा एक माणूस मिळाला आणि तो नेमका हा निघाला.

ठराव पास. पुतळा राहणार. पण सुमेधाताईंची बाजूपण राखायची म्हणून पाटी बदलायचं ठरलं. "हिरो" खोडायचं. मग काय लिहायचं यावर परत चर्चा. दर्यावर्दी म्हणा, तर म्हणे फार कौतुक होतं. लुटारू म्हणा, तर म्हणे लॉबीत बरं नाही दिसत. शेवटी ठरलं, "एक प्रवासी." म्हणजे मी रोज डोंबिवलीला जातो ना, तसा. आणि मग विनीतने, जाता जाता, सगळे खुर्च्या सरकवत असताना, एक छोटासा उपठराव मांडला, की एवढा वाद झालाय तर पुतळ्याला कोणी काही करू नये, म्हणून भोवती दोरी लावू, आणि पुतळ्याच्या आसपास बसायला मनाई. मंजूर. एकमताने. सुमेधाताईंची माणसं म्हणाली, बरं झालं, निदान त्याच्या पायाशी कोणी बसणार नाही. पुतळावाले म्हणाले, बरं झालं, पुतळा सेफ. अख्ख्या मीटिंगमध्ये दोन्ही बाजूंना पटलेली ही एकच गोष्ट. मी उभा राहून सांगतोय, अहो, मग बाबा कुठे बसणार? प्रफुल्ल म्हणाले, "ते पुढच्या मीटिंगला घेऊ." आणि ॲसिडिटीची गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी दोरी लागली. मखमली, चॉकलेटी. पांढरी खुर्ची वर आमच्या पॅसेजमध्ये आली, त्यावर रुचिता आता कुंडी ठेवते. बाबा दोन दिवस घरातच बसले, बंद टीव्हीसमोर. तिसऱ्या संध्याकाळी बघतो तर खाली गेलेले. दोरीच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून, उभे. मी म्हटलं, बाबा, वर चला, पाय दुखतील. तर म्हणाले, "बसाला मनाई हाय, उभा ऱ्हावाला नाय." आता ठरावात खरंच तसं आहे, मी वाचून बघितलं.

आणि परवाची गोष्ट, हे तुम्हाला सांगायचं म्हणून आलो मी. कंपनीतून आलो, लॉबीत शिरतोय, तर समोर एक इस्टेट एजंट एका जोडप्याला बिल्डिंग दाखवत होता. हात पसरून, जोरात. "सर, ये वास्को द गामा. इंडिया इन्होंने ही डिस्कव्हर किया." पाटीवर "एक प्रवासी" लिहिलंय, पण वाचतो कोण? त्या बाईने पुतळ्याचा फोटो काढला, मग बाजूला बाबा दिसले, भिंतीला टेकून, टोपी घालून उभे. तिने विचारलं, "और ये अंकल?"

एजंटने बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "ये? सिक्युरिटी."

आणि बाबांनी, माझ्या डोळ्यांदेखत, पुढे होऊन त्यांच्यासाठी काचेचं दार उघडलं. ती माणसं थँक्यू म्हणून निघून गेली. मी तिथेच उभा. म्हटलं, बाबा, सांगायचं ना त्यांना, कोणाची जमीन आहे ही, कोण आहात तुम्ही. माझा आवाज चढलेला. बाबांनी दार सोडलं, ते सावकाश बंद झालं, आणि मला हळूच, कोणी ऐकत नाही ना बघून, विचारलं, "सुदेश, शिकुरिटीला खुर्ची देतान का रं?"

मी लगेच गेलो सोसायटीच्या ऑफिसात, विचारून आलो.

नाही देत. डुलक्या काढतात म्हणे.